घड्याळ चुकले की दोष सेलचाच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकाचे घड्याळ चुकू लागले की ‘मदरबोर्डचा सेल (प्लग काढलेला असताना घड्याळ चालू ठेवणारी, मुख्य सर्किट बोर्डावरची बटणासारखी बॅटरी) गेला’ असे निदान सर्रास केले जाते. ते खरे की खोटे, हे ठरवायला पेचकसही लागत नाही. वेळ बरोबर लावून संगणक बंद करा आणि प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख काही वर्षे मागे गेली असेल आणि ‘सीमॉस चेकसम एरर’ (जपून ठेवलेली सेटिंग बिघडल्याचा संदेश) दिसत असेल, तर सेल संपल्याची शंका रास्त. प्लग लावलेला असेपर्यंत, संगणक बंद असला तरी, या घड्याळाला वीज पॉवर सप्लायकडूनच मिळते. म्हणून चालू संगणकात वेळ घसरत असेल तर सेलला बोल लावू नये. ऑपरेटिंग सिस्टिमची वेळजुळणी तपासावी. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असतील तर फरक नेमका टाइम झोनइतका पडतो, कारण विंडोज या घड्याळात स्थानिक वेळ धरते आणि लिनक्स बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ).

सेल बदलण्याआधी बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगचे फोटो काढावेत, कारण सेल काढल्यावर ती पुसली जाऊ शकतात. साटा मोड (डिस्कच्या जोडणीची पद्धत) बदलला तर विंडोज बहुधा सुरूच होत नाही. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. ही गोष्ट हमखास विसरली जाते. मग प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे.

सेल सहसा सीआर 2032 असतो: व्यास 20 मिमी, जाडी 3.2 मिमी, 3 व्होल्ट. सीआर 2025 हा 0.7 मिमी पातळ, त्यामुळे सैल बसतो. रिचार्जेबल एलआयआर 2032 तर घालूच नये, पूर्ण भारित झाल्यावर तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो. मल्टिमीटरवर नवा सेल 3 व्होल्टच्या वर दिसतो, 2.7च्या खाली गेलेला काढून टाकावा. आडव्या खाचेत अधिक खूण सहसा वर येते. काढलेल्या सेलवर चिकटपट्टी लावून तो मुलांपासून दूर ठेवावा. गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजते.

नवा सेलही काही आठवड्यांत संपला तर आधी क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग पुसण्यासाठी पिना जोडणारी छोटी टोपी) चुकीच्या पिनांवर राहिला आहे का पाहावे. तो ठीक असेल तर प्लग काढून सेलच्या मार्गात मल्टिमीटर जोडावा. प्रवाह मोजक्या मायक्रोअँपिअरचा हवा: 5 मायक्रोअँपिअरला सुमारे 225 मिलिअँपिअर-तासांचा सेल पाच वर्षे पुरतो. शेकडो मायक्रोअँपिअर दिसले तर सेलजवळचा डायोड किंवा कपॅसिटर गळत असण्याची शक्यता असते, म्हणजे त्यातून वीज वाया जाते.

आपला,
एक संगणक-दुरुस्ती तंत्रज्ञ