अदुलिसचे नाव का नको?

‘प्राचीन सागरी व्यापार’ म्हटले की आपल्याकडे रोम आणि इजिप्तपुढे गाडी सरकत नाही. आफ्रिका म्हणजे पिरॅमिड, बाकी जंगल, ही समजूत काही सुटत नाही.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, हे आम्ही कल्याणकर कौतुकाने सांगतो. पण त्याच पुस्तकात तांबड्या समुद्रावरचे, आजच्या एरिट्रियातले अदुलिस बंदरही आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अरियाके प्रांतातून तिथे लोखंड, पोलाद, सुती कापड आणि लाख जात असे. तिथून हस्तिदंत, कासवाची पाठ, गेंड्याची शिंगे बाहेर पडत. बंदरापासून तीन दिवसांवर कोलो हे हस्तिदंताच्या बाजाराचे गाव, आणि पुढे आणखी पाच दिवसांवर अक्सुम, ही त्या राज्याची राजधानी.

या अक्सुमच्या राजांनी स्वतःची सोन्याची नाणी पाडली. राजाच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना धान्याच्या ओंब्या! चौथ्या शतकात एझाना राजा ख्रिस्ती झाला आणि नाण्यावरची चंद्रकोर जाऊन क्रूस आला. इथिओपियात देब्रे दामो इथे तर उत्तर भारतावर राज्य करणाऱ्या कुषाणांची शंभराहून अधिक सुवर्णनाणी सापडली आहेत.

‘हबशी’ हा शब्दही इथिओपिया-एरिट्रियाच्या याच प्रदेशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. आपण मात्र तो हिणवण्यापुरता ठेवला. आपल्या रविवार पुरवणीत कधीतरी अदुलिसवर पानभर लेख यावा, एवढीच विनंती.

– एक वाचक, कल्याण