कार्ड त्याच्या सहीवर अडलेलं नाही

प्रिय बाय,

जावई सही करणार नाहीत म्हणून तुझं ग्रीन कार्ड जाईल, ही भीती आधी मनातून काढ. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तू अमेरिकेत गेलीस म्हणून ते दोन वर्षांचं मिळालं. ते कायम करायला आय-७५१ फॉर्म लागतो. दोघांनी मिळून भरायचा तर मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत. पण नवरा छळत असेल तर बायको एकटी तो कधीही भरू शकते. घटस्फोट झालेला नसला तरी चालतं. फॉर्ममध्ये छळाच्या कारणापुढे खूण करायची. इमिग्रेशन खातं ही माहिती नवऱ्याला देत नाही, तिथला कायदाच तसा आहे. अर्ज पोचल्याच्या पावतीने कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, म्हणून ती पावती जिवापाड जप.

त्याने हात उचललेला नाही म्हणून गप्प राहू नकोस. मानसिक छळही यात धरतात. पगार काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, चारचौघांत पाणउतारा, ‘परत पाठवीन’ची धमकी, हे सगळं मोजतात. अर्ज कमजोर पडतात ते ‘तो खूप त्रास देतो’ एवढंच लिहिल्यामुळे. तू महिना, जागा, त्याचे नेमके शब्द आणि त्यानंतर तुझी झोप, जेवण, काम कसं बिघडलं ते लिही. मराठीत लिहिलंस तर सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही केलेली हमी जोडावी लागते. तारखेसकट मेसेज, समुपदेशकाचं पत्र, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांची निवेदनं गोळा कर. पोलीस तक्रार असली तर बळ येतं, पण ती असायलाच हवी असं नाही.

लग्न खरं होतं हेही दाखवावं लागतं: एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, कराचे कागद, फोटो. इथे एक घोळ होतो. आपल्याकडे रजिस्ट्रारकडच्या सह्या एका दिवशी आणि मांडवातलं लग्न दुसऱ्या दिवशी. फॉर्मवर दाखल्यात लग्नाची म्हणून जी तारीख आहे तीच घाल.

चवथीला घरी जाऊ म्हणाला तरी वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्याबरोबर येऊ नकोस. बायकोला इकडे आणायचं, कार्ड-पासपोर्ट काढून घ्यायचं आणि एकट्याने परतायचं, असे प्रकार घडतात. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्याला उघडता न येणाऱ्या खात्यात ठेव, दोघांच्या सामायिक फोन-खात्यात नको. फॉर्मवर पत्ता सुरक्षित दे. न वाचलेल्या कागदावर सही अजिबात नको.

तुझ्या त्या मैत्रिणीचं वेगळं आहे. तिचा नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून एच-४ व्हिसावर. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असता तर तिला आय-३६० भरून त्याच्याशिवाय स्वतःचा अर्ज करता आला असता. त्याला फी नाही, आणि घटस्फोट झाला तरी दोन वर्षांच्या आत भरता येतो, मात्र मंजुरीआधी दुसरं लग्न केलं तर तो बाद होतो. तिच्यासाठी आय-७६५व्ही आहे, छळ झालेल्या एच-४ बायकांना कामाची परवानगी देणारा. मारहाण झाली असेल तर यू व्हिसाचाही, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचाही, विचार करावा. त्याला पोलिसांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सही झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावं लागतं. वर्षाला १०,००० इतकेच व्हिसा, म्हणून रांग फार लांब. तरी तिने नंबर लावावा असं मला वाटतं.

जिवाला धोका वाटला तर ९११. एरवी १-८००-७९९-७२३३ या मदतवाहिनीवर चोवीस तास दुभाषी मिळतो. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करते. त्यांच्याकडे इमिग्रेशन वकिलाची चौकशी कर, फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस.

दाखल्याच्या प्रती मी रजिस्ट्रारच्या कचेरीतून काढून ठेवते. तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवणार नाही. दुसरा कुठला पत्ता चालेल तेवढं कळव.

तुझी,
आई