आधी जाऊन पाहून आले

व्हिएन्ना, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.,

जुलैत तुम्ही येणार म्हणून काल रंगीत तालीम करून आले. क्रेम्सहून बोटीने मेल्क, तिथला बेनेडिक्टाइन मठ, मग रेल्वेने घरी. बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या मोजायच्या ठरवल्या होत्या. अठ्ठावीसपर्यंत मोजल्या आणि विसरले.

या दिशेने बोट डॅन्यूबच्या प्रवाहाविरुद्ध जाते, पस्तीसेक किलोमीटरला तब्बल तीन तास. आई, गंमत म्हणजे ही नदी उगमाकडून नाही, मुखाकडून मोजतात. त्यामुळे काठावरच्या पाट्यांवरचा आकडा 2000 च्या पुढे वाढतच गेला. काळा समुद्र मागे तेवढा लांब! ड्युर्नस्टाइनला डोंगरावर पडका किल्ला दिसतो. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला 1192 मध्ये ऑस्ट्रियाच्या ड्यूकने पकडलं आणि इथे डांबलं. मला आग्राच आठवलं. पण याला पेटारे सुचले नाहीत, भलीमोठी खंडणी भरून सुटला.

मठ मात्र बाबांसाठीच आहे. साधू इथे 1089 पासून राहतात. कड्यावरची आजची पिवळी इमारत 1702 ते 1736 मधली, प्रांडटाउअर नावाच्या वास्तुकाराची. तिथल्या संगमरवरी दालनात खरा संगमरवर फक्त दारांच्या चौकटींना आहे. भिंती चक्क गिलाव्याच्या, घोटून संगमरवरासारख्या केलेल्या! मला तर शेजारी उभं राहूनही फरक कळला नाही. जमिनीत मधोमध लोखंडी जाळी आहे, तिच्यातून गरम हवा वर सोडत. बाबा, जन्मभर साइटवर काढलेले तुम्ही भिंतीवर टिचकी मारणारच, पण तिथे हात लावायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते. ग्रंथालयही सुंदर आहे, पण तोवर माझे पाय बोलायला लागले होते. धक्क्यापासून मठापर्यंत चालणं, वर चढ. दशम्या संपलेल्या.

म्हणून आपण उलटं करू. सकाळी ताज्या पायांनी रेल्वेने मेल्क, आधी मठ, मग प्रवाहाबरोबर बोटीने क्रेम्स. पावणेदोन तास नुसतं बसायचं. आई, या खोऱ्यात जुलैत जर्दाळू उतरतात. मुरांब्याच्या बरण्या मी आणून ठेवते, तू साखर बघ.

प्रवासविमा काढला का? बाबा 'हो' म्हणतील. तरी कागद बघ.

तुमची,
धाकटी