तुला 'थांब' कोण म्हणाले?

सातारा, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी एस.टी. सुटल्यावर मी बराच वेळ स्टँडवरच बसून होतो. निनादरावांपासून वेगळे होण्याचे तू सांगितलेस, पण त्याहून मला लागले ते तुझे पुढचे वाक्य, की दीड महिना तू रोज रात्री मोबाइलमधल्या चॅटबॉटशी हेच बोलत होतीस आणि त्याला तुझे सगळे पटले. तुझ्या निर्णयाविषयी मी येथे काही लिहिणार नाही. एवढेच विचारतो, की त्या दीड महिन्यात तुला 'थांब' कोण म्हणाले?

१९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा, माणसाशी लिहून संवाद करणारा संगणकाचा प्रोग्रॅम मांडला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न करीत असे. तो तयार होताना कित्येक महिने पाहणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीबाईंनीही, त्याच्याशी बोलायला बसल्यावर, त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. तेव्हा तुझेच काही चुकले असे मी मानत नाही. ऐकणारे कोणी माणसाला हवेच असते. परंतु आजचे यंत्र होकारही देते. चॅटजीपीटीची एक आवृत्ती फारच हांजी हांजी करू लागली, म्हणून ती बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ती एप्रिल २०२५ मध्ये मागे घ्यावी लागली. तू कोणते वापरतेस ते मला ठाऊक नाही, पण त्याने निनादरावांची बाजू कधी ऐकली का? त्यांच्या औषधांविषयी त्यांनी विश्वासाने फक्त तुला सांगितले होते, तेही तू तेथे लिहिलेस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार करणाऱ्यांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला बांधतो. या यंत्रावर तसे बंधन नाही. ते गुपित तुझ्या एकटीचे नव्हते, मुक्ता.

पुन्हा वर्गातला सूर लागला, राग मानू नकोस.

१९९८ साली मी संतापाच्या भरात नोकरीचा राजीनामा लिहिला आणि सकाळी नेतो म्हणून आजीपाशी ठेवला. तिने तो तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला आणि आठ दिवस 'सापडत नाही' म्हणत राहिली. नवव्या दिवशी तिने तो काढून माझ्या हाती दिला, तेव्हा घडीत कण्या अडकल्या होत्या. "आता दे, द्यायचा असेल तर," एवढेच ती म्हणाली. मी दिला नाही. तुला असे आठ दिवस कोणी दिले नाहीत, हेच मला खुपते आहे.

खरे लिहायचे तर मीही ते दिले असते की नाही, कोण जाणे. बारावीनंतर तू इंजिनिअरिंग नको म्हणालीस, तेव्हा मी अकरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. रात्री दोन वाजता तू माझ्याऐवजी यंत्राकडे वळलीस, त्यात त्या अकरा दिवसांचा वाटा आहे. पुढे तू आपल्या मनाचे शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिलीस, त्याचा मला किती अभिमान वाटतो, हे मी तुला कधी नीट सांगितलेही नाही.

आमच्यापाशी बोलणे जड वाटत असेल, तर मन मोकळे करण्यासाठी शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. नाहीतर अलकाआत्याला फोन कर. तिने हे सारे भोगले आहे.

तुला 'थांब' कोण म्हणाले, ते मात्र कळव. कोणीच म्हणाले नसेल, तरी कळव. मी आता फोन उशाशी घेऊन झोपतो. आईने त्याचा आवाज मोठा करून दिला आहे. शुक्रवारी तुला रजा असेल तर डिंकाचे लाडू घेऊन येतो. काही विचारणार नाही.

तुझे
बाबा