गंगापूर धरणाकाठच्या नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

आमच्या युवक मंडळाच्या उन्हाळी शिबिराच्या समारोपाला प्रशिक्षकांचे, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांचे आणि देणगीदारांचे आभार मानून झाले. आपण मात्र त्या वेळी जाळी ओढायला पाण्यात गेला होतात. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण काय केलेत ते मुलांच्या पालकांनाही कळावे.

कयाक ही वल्ह्याची अरुंद, हलकी होडी कशी वळवावी, ती उलटली तर एकटे काठाकडे पोहत न सुटता तिलाच धरून कसे राहावे, लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढल्यावर कानापर्यंत आले तर पट्टे पुन्हा का आवळावेत, हे सारे प्रशिक्षकांनी उत्तम शिकवले. परंतु ते बाहेरगावचे, आणि मे महिन्यातले गंगापूर धरण त्यांच्या परिचयाचे नव्हते. पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळतो, टणक दिसतो आणि पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत आत घेतो. आपण काठीने जमीन चाचपत पुढे चालत राहिलात, मुरमाड जागा सापडल्यावर तिथे दगड रचून खूण केलीत आणि होड्या तिथूनच पाण्यात सोडायला लावल्यात.

वाऱ्याची गोष्ट तर आम्हाला सुचलीच नसती. आमच्या वेळापत्रकात कयाकचा सराव दुपारनंतर होता, कारण सकाळी व्यायाम आणि व्याख्याने ठेवण्याची मंडळाची जुनी पद्धत आहे. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की होडी आपोआप धरणाच्या भिंतीकडे सरकते, जाताना मुलांना वल्हे हलके वाटते आणि परतताना दमलेल्या हातांना तोच वारा समोरून घ्यावा लागतो, हे आपण सांगितलेत. तेव्हा व्याख्याने दुपारी गेली आणि सराव सकाळी आला. (व्याख्यानांना डुलक्या घेणाऱ्यांची संख्या वाढली, पण ती किंमत रास्तच होती.) आधी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून वल्हवायचे, म्हणजे येताना तो पाठीशी राहतो, हा आपला नियम मुलांनी पाठच केला. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या कचरा म्हणून उचलायच्या नाहीत, त्यांच्याखाली जाळी असतात, हेही आपल्यामुळेच कळले. एरवी आमची उत्साही मंडळी स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली आपल्याच उपजीविकेवर हात घालून बसली असती.

हेच पाणी नाशिक शहर पिते, म्हणून काठावर साबण लावून अंघोळ करू पाहणाऱ्या मुलांना आपण ज्या शब्दांत अडवलेत ते शब्द येथे लिहिता येणार नाहीत, परंतु त्यांचा परिणाम आमच्या सूचनाफलकापेक्षा कितीतरी अधिक झाला.

सरावाच्या सर्व वेळी आपली होडी मुलांपासून हाकेच्या अंतरावर उभी असे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोहोचले, हे मुले मोठ्या अभिमानाने सांगत होती, तेव्हा त्यांचे वल्हे कसे असते आणि ते पाठमोरे बसून का वल्हवतात, हे आपण किती बारकाईने विचारलेत, ते आमच्या लक्षात आहे. यापुढे शिबिराची आखणी करताना स्थानिक मच्छीमारांशी बोलल्याशिवाय जागा आणि वेळ ठरवायची नाही, असे मंडळाने ठरवले आहे.

मानधनाचे पाकीट आपण परत केलेत, त्याचा आम्ही मान राखतो. मात्र या पत्रासोबत दोन लाइफ जॅकेट पाठवत आहोत, एक आपल्यासाठी आणि एक होडीत बरोबर येणाऱ्या आपल्या नातवासाठी लहान मापाचे. ‘नाना स्वतः का घालत नाहीत?’ हा मुलांचा प्रश्न आम्हाला टाळता आलेला नाही, तेव्हा ती घरात खुंटीला न टांगता होडीतच ठेवावीत आणि अंगावर घालावीत, ही आग्रहाची विनंती.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व शिबिरार्थी व कार्यकर्ते, नाशिक