नेम चुकतो तो बंदुकीमुळे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जत्रेत फुगे फोडायला नळी मोडून भरायची छर्ऱ्याची बंदूक असते. स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल ही त्याच जातीची, पण नीट बनवलेली बंदूक. १० मीटर नेमबाजीच्या स्पर्धांत आता दाबलेल्या हवेची टाकी असलेल्या पीसीपी रायफलीच दिसतात. त्यामुळे स्प्रिंगची बंदूक म्हणजे पोरखेळ, असा समज झाला आहे आणि कितीतरी चांगल्या बंदुका ‘नेम लागत नाही’ म्हणून माळ्यावर पडतात. हे पाहून वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

पीसीपीला २०० बारच्या (‘बार’ हे दाबाचे एकक) आसपास दाबाने हवा भरावी लागते. त्यासाठी सिलिंडर हवा, नाहीतर हातपंपाचा घाम. स्प्रिंगच्या बंदुकीला यातले काही लागत नाही. नळी एकदा खाली ओढली की पुढच्या बाराची तयारी झाली. वाइहराउख, डायना, एअर आर्म्स या कंपन्यांच्या रायफली शौकीन लोक अजून जपतात, ते या स्वयंपूर्णतेसाठी. आणि दुसरे कारण असे की, ही बंदूक धरणाऱ्याची प्रत्येक चूक कागदावर दाखवते.

चाप ओढताच स्प्रिंगच्या जोराने जड दट्ट्या (पिस्टन) पुढे झेपावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. मग दाबलेल्या हवेच्या उशीवर दट्ट्या थांबतो आणि बंदूक पुढे हिसका देते. या सगळ्या हालचालीत छर्रा अजून नळीत असतो. बंदूक घट्ट आवळली तर ती दर वेळी वेगळी हलते आणि छर्रे विखुरतात. उपाय साधा आहे: पुढच्या हाताचा तळवा उघडा ठेवून दस्ता (नळी बसवलेला लाकडी भाग) त्यावर नुसता टेकवायचा, खांद्याला बेताचा स्पर्श, आणि हाताची जागा रोज तीच. ती दोन सेंटिमीटर सरकली तरी छर्ऱ्यांची जागा बदलते. वाळूच्या पिशवीवर दस्ता थेट ठेवू नये; पिशवीवर हात आणि हातावर बंदूक. फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीने आपल्या ३०० मालिकेच्या रायफलीत पूर्ण यंत्रणाच दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकू दिली, यावरून हा धक्का किती महत्त्वाचा ते कळावे.

एवढे करूनही नेम लागेना, तर आधी स्क्रू पाहावेत. दस्त्याचे पुढचे दोन आणि चापाच्या कड्याजवळचा एक, हे धक्क्याने हमखास सैल होतात. मग नळीच्या बिजागरीत आडवी हालचाल आहे का ते पाहावे. दुर्बीण बसवली असेल तर ती हळूहळू मागे घसरते. तिला अडवणारी खीळ असलेलाच माउंट (दुर्बीण धरणारी पकड) घ्यावा. साध्या दुर्बिणी फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात, पुढच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या भिंगांची बैठक हलते. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून बार काढावा. पट्टी उडाली तर सांध्याचे सील गेले. छर्रे चार-पाच प्रकारचे आणून प्रत्येकाचे पाच-पाच बार काढून पाहावेत, ४.५ मि.मी. लिहिलेले सगळे छर्रे एका नळीत सारखे बसत नाहीत. घागरा (मागची पातळ, घेरदार कड) चेपलेला छर्रा बाजूलाच काढावा.

सर्वांत जास्त नुकसान करते ते तेल. ‘मऊ चालावी’ म्हणून हवेच्या छिद्रातून शिलाई मशीनचे तेल सोडतात. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते. मोठा आवाज होतो, धूर येतो, लोकांना ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दट्ट्याचे सील जळते आणि स्प्रिंग तुटते. चामड्याच्या वॉशरला क्वचित एखादा थेंब सिलिकॉन तेल चालते, कृत्रिम सीलला बहुधा तेही नको. रिकामा बार काढणेही तितकेच वाईट, कारण छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवेची उशी राहत नाही आणि दट्ट्या थेट आपटतो. दाबून ठेवलेली स्प्रिंग ढिली पडते, म्हणून भरलेली बंदूक ठेवून जेवायला जाऊ नये. स्प्रिंग बदलताना ती दाबून धरणारा शिकंजा नसेल तर बंदूक उघडूच नये. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरलेली असावी. चाप निसटला तर नळी उसळून बोटे चिरडते आणि स्वतः वाकते.

४.५ मि.मी. आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या (छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा) बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही; विक्रेता ओळख आणि पत्ता नोंदवतो. ती पाखरांवर रोखू नये, हे मात्र ठासून सांगायला हवे. नोंद करतानाच विक्रेत्यांनी तेल, रिकामा बार आणि नळी धरणे या तीन गोष्टी मराठीत छापलेली चिठ्ठी खोक्यात घालावी, ही विनंती.

आपला,
एक नेमबाजीप्रेमी वाचक