बापू, स्पीकर शेवटी ठरव

प्रिय बापू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. साताऱ्याची बालरोगवाल्यांची सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं ते उजळणीचं शिबिर, यंदा तुझ्या गळ्यात पडली म्हणे, आता अभिनंदन करू का सांत्वन तेच कळेना. स्पीकर म्हणून बोलवायला मुंबईच्या त्या मॅडमचा नंबर मागितलायस, देतो, पण लगेच फोन लावू नकोस. आम्ही सांगलीत मागच्या खेपेला सगळं उलटं केलं होतं, पहिल्या मीटिंगला स्पीकरचं नावच काढायचं नाही असं ठरवलं, आणि खरं सांगतो, लोकं वैतागली, कारण मीटिंग म्हणजे नावांची यादी आणि वडापाव एवढंच आपल्याला माहिती.

त्याऐवजी प्रत्येकाला एकच विचारलं, वर्षभरात तुझ्याकडं उशिरा किंवा वेड्यावाकड्या अवस्थेत आलेलं पोर कुठलं, आणि तू पुढं मिरजेला पाठवलेलं कुठलं. मग जे बाहेर आलं ते ऐक. जतकडून विंचू चावलेलं पोर, हातपाय गार, घामानं भिजलेलं, आणि येताना ॲट्रोपिन आणि स्टेरॉइड, ज्याचा विंचवाला उपयोग नाही, ते मारून पाठवलेलं. तासगावकडं द्राक्षबागेतलं फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं आणि पोरानं प्यालेलं. नवजात बाळ ॲम्ब्युलन्समध्ये गार पडून आलेलं. ऊसतोडवाल्यांची पोरं, लस कधी झाली विचारलं तर कार्ड गावाकडं. आणि साधे जुलाब, त्यात सलाइन आहे, अँटिबायोटिक आहे, झिंक नाही. यातलं एक तरी 'रीसेंट ॲडव्हान्सेस'मध्ये बसतं का सांग! त्या नावाखाली आपण दोघांनी किती रविवार एंझाइम थेरपीच्या स्लाइडी बघत काढलेत, ज्या आजाराचं पोर ओपीडीत अजून एकदाही आलं नाही.

विंचवाचं सेशन सगळ्यात भारी झालं म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाडचे बावस्कर सर, त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचं काम केलं ते आपल्याच कोकणातल्या पेशंटवर, आणि आपलीच माणसं अजून विसरतात. आम्ही लेक्चर ठेवलंच नाही. पडद्यावर केस टाकली, सहा वर्षांचा मुलगा, रात्री दहा, तालुक्याचं गाव, आयसीयू दीड तासावर, पहिल्या दहा मिनिटांत काय करशील? टेबलाटेबलावर भांडणं लागली. डोस किलोला तीस मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, हे बऱ्याच जणांना पाठ होतं, पण गोळी दिल्यावर पोराला उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं, नाहीतर बीपी पडतं, हे किती जणांनी आईला सांगितलं असतं? आमचे एक सीनियर सर, जे कधी पहिल्या रांगेतून उठत नाहीत, तेच उठून बोलायला लागले आणि माईक सोडेनात. स्पीकरला फक्त शेवटची दहा मिनिटं दिली होती, आधी तो नाराज होता, नंतर म्हणाला पुढच्या वेळी पण असंच ठेवा.

नवजात बाळाच्या श्वासाचं वर्कशॉप ठेवणार असशील तर हॉलमध्ये नको, बाजूच्या खोलीत ठेव, सरावाच्या एका पुतळ्याला पाच-सहा जणांच्या वर नको. बाळाला श्वास द्यायचा बॅग-मास्क प्रत्येकाच्या हाताला लागलाच पाहिजे, बघून येत नाही ते, आणि आलेलं पण काही महिन्यांत हातातून जातं, त्यामुळं सहा महिन्यांनी दोन तासांची उजळणी आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेव.

पैशाचं म्हणशील तर औषध कंपन्यांचे नियम २०२४ च्या मार्केटिंग कोडनंतर कडक झालेत, ते तुमचा खजिनदार बघेल. पण आपल्या लायनीत एक गोष्ट वेगळी आहे, बेबीफूडवाल्याचा पैसा घ्यायचाच नाही. १९९२ चा कायदा आहे, २००३ ला आणखी आवळला, कॉन्फरन्सला स्पॉन्सर करणं त्यात सरळ बंद आहे. आमच्याकडं एक जण 'न्यूट्रिशन फोरम'चं कार्ड घेऊन आला होता, गोड माणूस, चहा पाजून वाटेला लावला.

तारीख काढताना कासचा सीझन टाळ रे बाबा, फुलांच्या वीकेंडला साताऱ्यात रूम मिळायची नाही. पावसाळ्यात तर नकोच, तेव्हा आपल्या ओपीडीच तुंबलेल्या असतात.

आता फीडबॅकचं. तो फॉर्म असतो ना, जेवण कसं होतं, स्पीकर कसे होते, एक्सलंट-गुड-फेअर, तो ठेव, केटररसाठी उपयोगी आहे. ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते मोजायच्या किर्कपॅट्रिकनं १९५९ मध्येच चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, आवडलं का, शिकलास का, वागणं बदललं का, आणि पेशंटला फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर बसून सर्टिफिकेट वाटतो. डेव्हिस वगैरेंनी १९९९ ला जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की नुसत्या लेक्चरनं डॉक्टरची प्रॅक्टिस हलत नाही, प्रत्यक्ष भाग घ्यायला लावलं तर हलू शकते. एमएमसीचे, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे, पाच वर्षांत तीस पॉइंट भरायचे म्हणून लोकं येतात, येऊ देत, सकाळी सही करून ओपीडीला पळणारे पण असणार, ते कौन्सिलचा निरीक्षक बघून घेईल, तू त्यात डोकं घालू नकोस.

आम्ही एवढंच केलं, जाताना प्रत्येकाकडनं एका कार्डावर लिहून घेतलं, 'सोमवारपासून मी कुठली एक गोष्ट बदलणार'. कार्डाचा फोटो आमच्याकडं, कार्ड त्याच्याकडं. तीन महिन्यांनी फोन केला. झिंक चालू केलं म्हणणारे पुष्कळ निघाले. मग आमच्यातला एक आगाऊ म्हणाला, जुलाबाच्या शेवटच्या दहा प्रिस्क्रिप्शन पाठवा, नाव झाकून. काहींनी लगेच पाठवल्या, काहींनी मेसेज वाचला आणि गप्प. ज्या आल्या त्यात झिंक बहुतेक ठिकाणी होतं, पण चौदा दिवसांऐवजी पाच दिवस, म्हणजे शी घट्ट झाली की बंद. हे कुठल्या फीडबॅक फॉर्मात दिसलं असतं सांग मला? यंदाच्या सीएमईत त्यावरच वीस मिनिटं ठेवलीत, औषध कुठलं यावर नाही, आईला नेमकं काय बोलायचं यावर.

गप्प बसलेल्यांचं काय करायचं हे मात्र अजून ठरलं नाही. एक म्हणतो सर्टिफिकेट अडवा, मला पटत नाही, पुढच्या वेळी येणारच नाहीत. तुला काही सुचलं तर कळव.

तर आधी साताऱ्याच्या पोरांची यादी काढ, पाटण-जावळीकडनं काय येतंय, माण-खटावकडनं काय, ते तुझं वेगळं निघेल. ती मला पाठव, मग मॅडमना मीच फोन लावतो, त्या माझं ऐकतात. वहिनींना नमस्कार, आणि येताना कंदी पेढे आण, भडंग मी बांधून ठेवतो.

तुझा,
आप्पा